परग्रहावर भरून ठेवलेलं पाणी

माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो. फोनवर तो पाहुण्यासारखा बोलतो. "बरंय. जेवलो. तुमच्याकडे ऊन असेल ना?" संपलं. पण एका व्हिडिओ गेममध्ये तो माझ्याशी मोकळं बोलायचा, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर मी तो खेळ शिकले. नाहीतर मला कशाला हव्यात असल्या भानगडी!

खेळ असा: आपलं यान एका उजाड ग्रहावर कोसळलंय. हवा विषारी, वादळं नेहमीची. दगड फोडा, धातू वितळवा, निवारा बांधा, प्राणवायू तयार करा आणि शेवटी रॉकेट उभारून तिथून सुटा. रविवारी दुपारी, म्हणजे त्याच्या सकाळी, आम्ही दोघं कानाला हेडफोन लावून त्या ग्रहावर राबायचो. वादळ दिसलं की तो ओरडायचा, "ताई, पळ! लई मोठं आलंय!" ते 'लई' ऐकलं की वाटायचं, पोरगा अजून आपलाच आहे. दगड फोडता फोडता तो ऑफिसातली कुरबुर सांगायचा, बायकोशी झालेलं भांडण सांगायचा. फोनवर यातलं अक्षर नाही.

रॉकेट होत आलं. इंधन बनवायचं काम त्याच्याकडे, ते साठवायला टाक्या बांधायचं माझ्याकडे. मी बांधल्या. पण रिकाम्या टाक्या बघवेनात, म्हणून बर्फ वितळवून सगळ्या काठोकाठ पाण्यानं भरून टाकल्या. संभाजीनगरात नळ कधी येईल याचा भरवसा नसतो. आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीतसुद्धा पाण्याचा ड्रम आहे.

"ताई, हे काय करून ठेवलंस? आता इंधन कशात भरू, तुझ्या डोक्यात?"

"पाणी आहे. लागतंच."

"अगं, शेजारी बर्फाचा डोंगर उभाय! इथं पाणी कुणी साठवतं का?"

"डोंगराचं कौतुक मला नको सांगू. जायकवाडी भरलं म्हणून आपला नळ रोज येतो का?"

मला वाटलं, हसेल. हसला नाही. वादळ यायच्या आत टाक्यांतलं पाणी ओतून द्यायचं म्हणून आम्ही बाहेर पडलो, आणि नेमकी खालच्या काकूंनी हाक मारली, "अहो ताई, नळ आला!"

हेडफोन फेकून मी धावले. मोटार, पाइप, ड्रम, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून घेतला. परत येऊन बघते तर प्राणवायू संपून खेळातली माझी बाहुली निवाऱ्याच्या दाराबाहेर मरून पडलेली. तिला आत ओढायला आलेला तोही मेला होता, आणि वादळानं रॉकेट आडवं केलं होतं.

"सांगून तरी जायचं ना!"

"नळ आला होता."

"एवढं काय गं त्या नळाचं?"

एवढं काय? हाच पोरगा दहावीच्या पेपरच्या सकाळी गणवेश घालून, पाइप धरून उभा होता. आता चोवीस तास पाणी येणाऱ्या घरात बसून मलाच विचारतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या रॉकेटनं माझी भांडी घासली जात नाहीत," मी म्हणाले. तो खेळातून निघून गेला.

पुढच्या रविवारी मी जेवणाची भांडी तशीच ठेवून बसले. आमचा ग्रह त्याच्या कॉम्प्युटरवर होता. त्यानं उघडला तरच मला आत जाता यायचं. उघडलेला नव्हता. "येतोस ना?" असा मेसेज टाकला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "आज इकडच्या मित्रांबरोबर खेळतोय. तू तुझा नवा ग्रह सुरू कर ना, एकटीला सोपं जाईल."

रागाच्या भरात मी लिहिलं, "ग्रहाचं काय लोणचं घालायचंय मला? तू बोलायचास, म्हणून येत होते."

त्यानं लगेच वाचलं. काहीतरी लिहायला लागला, थांबला, परत लिहायला लागला. मी फोन हातात धरून बसून राहिले.

मग त्यानं अंगठा पाठवला.