बर्फी वाटणारा माणूस

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भिवंडीहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या एसटीत एका अनोळखी माणसाने कंडक्टरपासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना बर्फी वाटली.

"मुलगी झाली वाटतं?" मी विचारलं.

त्याने बोटं सदऱ्याला पुसली आणि खिशातून फोटो काढला. फोटोत गोरिलाची मादी, तिच्या छातीशी पिल्लू!

तो मूळचा भिवंडीजवळच्या वळ गावचा. विलायतेतल्या प्राणिसंग्रहालयात गोरिलांना सांभाळायचा. नवस फेडायला रजेवर आला होता.

"बिचारी आईविना वाढलेली," तो म्हणाला. "पयलं पोर तिनं उलटंच धरलं, पाजता येईना. मंग ही पुन्हा पोटुशी ऱ्हायली, तवा माझी बायको आमचं तान्हं घेऊन रोज तिच्यासमोर पाजायला बसली. बायको पदर सारखा करी, तर हीपन छातीवर गवत ओढी!"

अख्खी बस हसली.

देवळात त्याने ओटीचं ताट पुढे केलं. "लेकीच्या नावानं," म्हणाला.

"लेक कुठं दिली?" पुजाऱ्यांनी विचारलं.

"विलायतेत."

"सासरी बरं आहे ना?"

"दोन सवती हायत. पन बाळाला तिघी मिळून खेळवतात."

"नशीबवान आहे हो पोर," पुजारी म्हणाले.

मी हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. तो मात्र हसला नाही. त्याने डोळे पुसले.