आठवा लागायच्या आत

"आजच मोकळी करा तिले, डाक्टरीनबाई. परवा आठवा लागते."

शेवंताबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. फुलसावंगीहून सुनेला, वैशालीला, घेऊन पुसदला माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांत लोक फार उशिरा येत. हे वेळेत आले, हेच नशीब. वैशालीला कळा सुरू झाल्या होत्या आणि सोनोग्राफीत बाळ एकतीस आठवड्यांचं होतं. मला बाळंतपण निदान दोन दिवस लांबवायचं होतं. शेवंताबाईंना ते आजच उरकायचं होतं. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत. वैशालीचं पहिलं बाळ आठव्यातच गेलं होतं, त्यामुळे मला त्यांच्यावर ओरडताही येईना.

मी समजावायला बसले. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं पाण्याने भरलेली असतात. बाहेर आल्यावर त्यांतल्या बारीक पिशव्या हवेने फुगतात. त्या ओल्या पिशव्या पुन्हा मिटून चिकटू नयेत म्हणून आतून साबणासारखा थर लागतो. आम्ही त्याला सर्फॅक्टंट म्हणतो. तो शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तयार होतो. आईला चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली, की तो लवकर तयार होतो.

शेवंताबाई ढिम्म. त्यांचा मुलगा, वैशालीचा नवरा गजानन, मात्र पुढे सरकला. दिवस फवारणीचे होते. तो थेट वावरातून आला होता.

"म्हंजे स्टिकर," तो म्हणाला. "फवाऱ्याच्या औषधात टाकतो थे. पानावर थेंब गोळा होत नाही, पसरते."

मी चाट पडले. अगदी तेच. इतक्या वर्षांत मला एवढं सोपं सांगता आलं नव्हतं. मी त्याचं तोंडभरून कौतुक केलं, ही माझी चूक. तासाभरात तो कृषी केंद्रातून स्टिकरची सीलबंद बाटली घेऊन हजर.

"एका पंपाले झाकणभर टाकतो. हिले किती द्याचं?"

मी बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं. "हिला थेंबभरही नाही. बाळ आपलं स्टिकर आपणच करतं. त्याला फक्त दोन दिवस द्या."

शेवंताबाई पहिल्यांदाच खाली बसल्या. "मंग पह्यलेच सांगाचं ना. स्टिकरबिगर फवारा कोन मारते?"

पुढचे दोन दिवस त्यांनी सुनेच्या खाटेशी पहारा दिला. ती दोन इंजेक्शनं आणि कळा थांबवायच्या गोळ्या मी देत होते, पण दरारा त्यांचा. वैशाली जरा कण्हली, की लगेच, "थांब, अजून स्टिकर झालं नाही." शेजारच्या खाटांवरच्या बायकाही आपापल्या बाळांच्या स्टिकरची चौकशी करू लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. दीड किलोची. क्षणभर गप्प होती. मी घाबरले, खोटं कशाला सांगू? मग तिने टाहो फोडला. काही दिवस पेटीत राहिली आणि ठणठणीत घरी गेली.

निघताना मी शेवंताबाईंना मुद्दाम म्हणाले, "मावशी, आठवा लागल्यावरच झाली बरं नात."

त्यांनी शांतपणे बोटं मोजली. "औंदा अधिक महिना होता, बाई. थो म्या धरलाच नव्हता. नवव्यातली आहे पोरगी."

तेव्हापासून मी कितवा महिना हे विचारत नाही. शेवटच्या पाळीची तारीख तेवढी लिहून घेते. महिने सासूकडे.