कर्नलचा जड ट्रिगर

कर्नलचं उजव्या हाताचं बोट कधी स्वस्थ बसायचं नाही. सुपरमार्केटच्या रांगेत, फलाटावर, अगदी घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, "भाजीत मीठ झालंय का बघा" म्हणत असतानाही ते बोट हवेतल्या हवेत काहीतरी हळूहळू मागे ओढत असायचं. परक्याला वाटावं, म्हाताऱ्याला काही त्रास होतोय. आम्हाला ठाऊक होतं, ते ट्रिगर ओढतायत. "सरळ मागे. घाई नाही. गोळी सुटली की आपलं आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे," असं ते सांगायचे आणि बोट पुन्हा पहिल्या जागी न्यायचे.

ते खरे कर्नल नव्हतेच, आम्हीच त्यांना तसं म्हणायचो. नागपूरच्या कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती, तेवढीच त्यांची फौज. "कॅडेट होतो बाई, आणि बूटसुद्धा दुसऱ्याचे," असं ते हसून सांगत. पुढे इंजिनिअर झाले, बरीच वर्षं इकडे डच मुलखात, आर्नहेमला एका वीज कंपनीत काढली आणि एनस्खेडेत घर घेतलं. मी तिथे संशोधनाला आले तेव्हा विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये हा माणूस ट्रे घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "जय भीम. वऱ्हाडातली ना?" मी विचारलं, कशावरून? "डब्यातल्या ठेच्यावरून. अख्खं कॅन्टीन खोकतंय." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही मोठ्याने सांगते, कारण वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे आणि तेही मोठ्यानेच सांगायचे. कर्नलही त्यांच्या घरातले पहिलेच. आमचं जमायला आणखी काही लागलं नाही.

त्यांनीच मला नेमबाजीच्या क्लबात नेलं. इथे पिस्तूल घेणं म्हणजे खेळ नाही. आधी क्लबात उमेदवारी, मग पोलिसांचा परवाना, मग घरातली तिजोरी भिंतीला नीट ठोकली आहे का हे बघायला पोलिस घरी. कर्नलकडे तपासणीला आलेल्या पोलिसाला काकूंनी पोहे दिले होते. तो बिचारा नको नको म्हणत होता, नियमात बसत नाही म्हणत होता. काकू म्हणाल्या, "पोह्याला कसला आलाय परवाना?" कर्नल मात्र त्या पोलिसाच्या बाजूचे. नियमाचं त्यांना विलक्षण प्रेम. "ज्याला कोणी जागा देत नाही ना, त्याला नियमाचीच जागा असते," हे त्यांचं वाक्य मी तेव्हा मान डोलावून ऐकलं होतं.

ट्रिगर बदलण्याच्या बाबतीत ते कडक होते, आणि सुरुवातीला बरोबरही होते. क्लबात आपलाच एक आयटीवाला होता. ट्रिगर जड लागतो म्हणून त्याने इंटरनेटवरून स्प्रिंगा आणि सुटे भाग मागवले, व्हिडिओ बघून स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच बसवले आणि ऐटीत रेंजवर आला. गोळ्या भरल्या, पिस्तुलावरची सरकती स्लाइड पुढे सोडली, आणि बोट लागायच्या आत पिस्तूल उडालं. नशीब की नळी समोर होती, गोळी वाळूत गेली. क्लबाच्या डच अध्यक्षांनी शांतपणे त्याचं पिस्तूल काढून घेतलं. कर्नल शांत राहिले नाहीत. "व्हिडिओ बघून स्वतःची दाढ काढतोस का रे? नाही ना? मग हे काहून केलं? पिस्तूल नको सुधारू, बोट सुधार." रागावले की त्यांचं नागपूर बाहेर यायचं.

आणि मग त्यांचंच बोट बिघडलं. संधिवात. सांधा सुजला, सकाळी मूठ मिटेना. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, अर्थातच पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. त्यांच्या पिस्तुलाचा ट्रिगर मुळातच जड, सैनिकी बनावटीचा. तो ओढताना सगळा हात थरथरायचा आणि गोळ्या खाली डावीकडे जायच्या. इतकी वर्षं काळ्या वर्तुळात शिवणकाम केल्यासारखी भोकं पाडणारा हा माणूस, आता निशाणाच्या कार्डाच्या कडेला भोक पडलं की ते कार्ड घाईने बाकीच्या कार्डांखाली सरकवायचा.

क्लबात एक परवानाधारक बंदूक कारागीर यायचा, वयस्कर, फार न बोलणारा. त्यानेच विषय काढला. चांगल्या बनावटीचा हलका ट्रिगर मिळतो, मी माझ्या दुकानात बसवतो, तपासून देतो. सामन्याआधी पंच ट्रिगरला ठरलेलं वजन टांगून बघतात, तेवढ्या वजनाने ट्रिगर सुटला नाही की झालं. कर्नलचा ट्रिगर त्या मर्यादेच्या कितीतरी वर होता आणि हलका केल्यावरही वरच राहणार होता. यात चोरी नव्हती, धोका नव्हता, पळवाट तर नव्हतीच. कर्नलनी बोट चोळत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागवा." मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे सगळ्यांना कॉफी पाजली.

त्याच शनिवारी आम्ही ट्रेनने डीमन नावाच्या गावी एका मराठी मित्राच्या फ्लॅटवर जेवायला गेलो. पंधरावीस माणसं, बाहेर ट्राम, आत श्रीखंड. कर्नलनी भोळेपणाने ट्रिगरची हकिगत सांगितली. तिथे एक गृहस्थ होते, कुठल्याशा बँकेत मॅनेजर. पुरी मोडत म्हणाले, "वा कर्नल! म्हणजे इथेही सवलत! कट-ऑफ खाली आणला म्हणा की!"

हसले. सगळे हसले. मी ताट खाली ठेवलं.

"कसली सवलत हो?"

"अगं, गंमत केली. तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

"तुम्ही लोक म्हणजे कोण?"

गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे... शूटिंगवाले."

पुन्हा हसले. आणि कर्नल, ज्यांनी एका पोराला वाळूतल्या गोळीवरून फाडून खाल्लं होतं, ते कर्नल म्हणाले, "जेव गं तू. श्रीखंड घे." तेही हसत होते. त्यांचं बोट मात्र ताटाच्या काठावर निपचित पडलं होतं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी भांडले. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी म्हटलं, "तुम्ही चष्मा लावता ना नेम धरताना? तो कुठल्या कोट्यातला?" ते म्हणाले, "चष्म्याचं कोणी काही म्हणत नाही." मग चष्मा काढून पुसत, "कॉलेजात माझा तिसरा नंबर आला होता. मास्तर म्हणाले, तुमचा कितवा का येईना, जागा ठेवलेलीच आहे. नोकरीत तेच. इथे आलो, म्हटलं आता संपलं. इथे तरी कोणी म्हणू नये, की ह्याच्यासाठी वजन कमी केलं."

"वजन सगळ्यांना एकच आहे! पंच तेच वजन सगळ्यांच्या पिस्तुलाला लावतो!"

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्यांना नाही."

सोमवारी त्यांनी कारागिराला फोन करून नको सांगितलं.

मला जाळून टाकावंसं वाटेल असं काही असेल तर ती दोन वाक्यं आहेत. एक त्या मॅनेजरचं, पुरी मोडताना सहज बोललेलं, जे तो श्रीखंडाची वाटी संपायच्या आत विसरला असेल. दुसरं कर्नलचं: त्यांना नाही. समुद्र ओलांडून आलेला, तीन भाषांत भांडू शकणारा, नियम तोंडपाठ असलेला माणूस, आणि त्याच्या बोटावर हक्क कोणाचा, तर डीमनच्या सोफ्यावर बसलेल्या एका माणसाचा, ज्याने आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नाही.

तो हिवाळा कर्नलनी जड ट्रिगरवरच काढला. आधी सामने सुटले, मग सराव सुटला. मी, अध्यक्ष, कारागीर, सगळ्यांनी सांगून पाहिलं. वसंतात एक दिवस ते सायकलवरून गेले, पिस्तूल बंदुकांच्या दुकानदाराच्या स्वाधीन केलं आणि परवाना संपवा म्हणून पोलिसांना कळवलं. पोलिसांनी मागितला नव्हता. ज्या नियमांवर त्यांचं एवढं प्रेम, त्यातला एकही नियम त्यांना जा म्हणत नव्हता.

एव्हाना परवाना मलाही मिळाला होता. त्या उन्हाळ्यात मी माझ्या पिस्तुलाला त्याच कारागिराकडून हलका ट्रिगर बसवून घेतला. माझे पंजे लहान आहेत, बोट पुरत नव्हतं. खरं सांगायचं तर रागही होता. कर्नल नागपूरला कायमचे परतायच्या आधी मी त्यांना पाहुणा म्हणून रेंजवर नेलं. पाहुण्याला देखरेखीखाली गोळी चालवता येते. अध्यक्ष स्वतः शेजारी उभे राहिले. मी पिस्तूल त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "ओढा."

त्यांनी कानांवर मफ चढवले. पहिली गोळी सुटली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं नवल होतं, लहान मुलासारखं. मग उरलेल्या. कार्ड जवळ ओढून आणलं तर सगळी भोकं काळ्यात, एकमेकांना खेटून. अध्यक्ष म्हणाले, "मोई." सुंदर. कर्नल त्या कार्डाकडे बघत राहिले.

"छान आहे. पण हे माझं नाही."

"मग कोणाचं आहे? बोट तुमचं, डोळा तुमचा, श्वास तुमचा. त्या स्प्रिंगने नेम धरला का?"

"तुला नाही कळायचं, पोरी."

"मलाच कळतं, कर्नल! मी इंजिनिअरिंगला लागले तेव्हा माझ्या बापाला डेपोतले लोक म्हणाले, आता काय बुवा, तुमचंच राज्य. मी डिग्री परत केली का?"

अध्यक्षांना मराठी कळत नव्हतं, पण ते दोन पावलं मागे सरकले. कर्नलनी मफ काढले, रुमालाने आतून पुसले, खुंटीला अडकवले. "नाही केलीस," ते म्हणाले. "बरं केलंस." आणि कार्ड तिथेच ठेवून सायकलचं कुलूप काढायला बाहेर गेले.

आता ते नागपुरात असतात. फोनवर काकू बोलतात, ते मागून "तिला विचार, किती लागले" म्हणून ओरडतात. मी आकडा सांगते आणि काकूंना म्हणते, त्यांनाही सांगा, ट्रिगर हलकाच आहे. काकू मग पावसापाण्याचं विचारतात. मी शिकले ते सगळं त्यांनी शिकवलं, आणि माझ्या प्रत्येक चांगल्या कार्डावर त्यांचा हात आहे. पण जे कोणी मागितलंही नव्हतं ते त्यांनी स्वतः सायकलवरून नेऊन परत दिलं. हे मी त्यांना माफ केलेलं नाही.