मोकळी वाट

जमाव हाताळण्याच्या सुधारित सूचना आम्हा पोलिसांना नांदेडला बोलावून शिकवल्या. आधी बोला, मग भोंग्यावरून इशारा द्या, आणि लोकांना निघून जायला एक वाट कायम मोकळी ठेवा. मी बरेच बंदोबस्त केलेली शिपाई. ते ऐकून मला बरं वाटलं.

थोड्याच दिवसांनी तालुक्याच्या गावी पिण्याच्या पाण्यासाठी मोर्चा निघाला. पहिल्याच रांगेत माझी मावशी होती. मला बघून ती म्हणाली, "तू तिकडून हुबी हाईस व्हय?" मी नुसती मान हलवली.

आमच्या साहेबांनी भोंग्यावरून पांगण्याचा इशारा दिला, पण घोषणांमुळे तो मागच्यांना ऐकूच गेला नाही. पुढचे लोक वळले, तर निघून जायला ठेवलेल्या गल्लीच्या तोंडाशी आमचीच गाडी आडवी उभी! रेटारेटी सुरू झाली. मी धावत जाऊन ओरडले, "सर, वाट आपल्याच गाडीनं अडलीय." त्यांनी लगेच गाडी हलवायला लावली आणि गर्दी ओसरली. लाठी कुणी उगारली नाही. तरी मावशी रेट्यात पडली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन मी त्या नव्या सूचना समजावू लागले. ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ऐकत होती.

"लई चांगल्या हायेत गं," ती म्हणाली. "पर आम्हाला कुणी सांगितल्याच न्हाईत."

वर गेलेल्या अहवालात बळाचा वापर झाला नाही असं लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.