तेल पाजलेलं होल्स्टर

त्या उन्हाळ्यात आमची बटालियन काश्मीर खोऱ्यात होती. मी हवालदार होतो. माझ्याकडे मला धरून चार जणांची साध्या कपड्यांतली टीम होती आणि आमच्या वाट्याला एका तालुक्याच्या गावाचा बसस्टँड आला होता. सकाळी पाचला उठायचं, सहाला हत्यारांची सफाई, आठला ब्रीफिंग. नऊच्या आत चौघांनी चार वाटांनी गावात जाऊन बसायचं आणि येणारी-जाणारी माणसं बघायची. काही दिसलं तर रेडिओवर सांगायचं. तीनशे मीटरवर एका बंद गोदामात क्यूआरटी, म्हणजे आमची तयार तुकडी, गाडी चालू ठेवून बसलेली असे.

माझ्या टीममध्ये नाईक अरुण कांबळे होता. मलकापूरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या वाडीचा. मी कागलकडचा. दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे असल्यामुळे ड्युटी संपली की आमची भाषा बदलायची. तो मला उस्ताद म्हणायचा. बापाकडून गवंडीकाम शिकलेला हा गडी कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी ती ओळंब्यात आहे का बघायचा. मला त्याची ही सवय आवडायची, पण माझीच वस्तू तो अशी बघू लागला की डोक्यात जायची.

साध्या कपड्यांत पिस्तूल लपवणं लोकांना वाटतं तेवढं सोपं नसतं. थंडीत अंगावर घोळदार फेरन असतो. त्याच्या आत निखाऱ्यांची पेटती कांगडी मावते, तिथं पिस्तुलाची काय कथा. उन्हाळ्यात मात्र अंगावर एक शर्ट. सरकारी होल्स्टर जाड, वर झाकण, वर्दीवर बांधायला केलेलं. शर्टाखाली ते गळवासारखं दिसायचं. त्यात दोन-दोन तास बाकावर बसायचं, म्हणजे ते कमरेत टोचणार. ज्याला टोचतं त्याचा हात सारखा तिकडे जातो, आणि बघणाऱ्याला तेवढं पुरतं. तेव्हा पातळ आणि टोचणार नाही असं होल्स्टर पाहिजे, हे माझं म्हणणं चूक नव्हतं. पुढचं सगळं चूक होतं.

मे महिन्यात मी सुट्टीवर आलो. पिस्तूल काही घरी आणता येत नाही. म्हणून निघण्याआधी बटालियनच्या सुताराकडून नऊ एमएम पिस्तुलाचा हुबेहूब लाकडी नमुना करून घेतला होता. तो घेऊन कोल्हापुरात एका जुन्या कारागिराकडे गेलो. तीन पिढ्या चप्पल करणारं घर, आमच्या घरातल्या सगळ्यांची पायताणं त्यांच्याकडची. सगळे त्यांना दत्तूमामा म्हणत. मी म्हणालो, पातळ करा, चार करा. त्यांनी लाकडी पिस्तूल चार वेळा उलटंपालटं केलं. आठ दिवसांनी होल्स्टर तयार झाली. बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीची, ताठ, नमुना आत घातला की टक् आवाज करून बसणारी. देताना त्यांनी मला बजावलं.

"पावणं, ह्ये पायतान न्हवं. ह्येला त्याल पाजू नगा. ताठ हाय तवर कामाचं."

आता तुम्ही कोल्हापूरचे असाल तर तुम्हाला कळेल की आमच्याकडे नवी चप्पल आणली की पहिल्यांदा काय होतं. तिला तेल लागतं. दोन-तीन दिवस तेल पाजलं, रात्रभर ठेवलं की कातडं पायाला वळण घेतं आणि चावत नाही. आम्हाला हे कुणी शिकवत नाही. परत युनिटला गेल्यावर पहिल्याच दिवशी माझं होल्स्टर चालताना करकरायला लागलं. पायात करकरणारी वहाण मिरवायला बरी, कमरेला लपवलेलं पिस्तूल करकरून कसं चालेल? दत्तूमामांचं बोलणं मी बाजूला ठेवलं. लंगरमधून, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातून, मोहरीचं तेल आणलं आणि चारही होल्स्टरांना तीन दिवस पाजलं. करकर बंद झाली. कातडं रुमालासारखं मऊ झालं. मी खूश झालो.

अरुणने त्याचं होल्स्टर हातात घेतलं, तोंड दोन बोटांनी दाबलं, ते मिटलं. पट्टा ओवायचा फास ओढला, तो लांबला. म्हणाला, "उस्ताद, ह्येच्यात दम न्हाय. आपलं जाडंच बरं की."

मी टीमसमोर त्याची टर उडवली. म्हणालो, "कोल्हापूरचा असून कातड्याला भितोस व्हय रं?" सगळे हसले. अरुणही हसला आणि त्याने ते कमरेला लावलं. मी टीम कमांडर होतो. मी चेष्टेत बोललो तरी तो हुकूमच होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. कंपनी कमांडरसाहेबांना मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर चाचणी झाली असती आणि चाचणीत ते नापास झालं असतं.

आठवड्याभराने सराव करताना माझ्या लक्षात आलं. पिस्तूल ओढलं की होल्स्टर त्याला चिकटून बरगडीपर्यंत वर येतं. घामाने कातडं आणखी ढिलं पडलं होतं. मी काय केलं? डाव्या हाताने होल्स्टर खाली दाबायचं आणि उजव्याने ओढायचं, अशी युक्ती काढली. दहा-बारा वेळा करून बघितली, जमली. ही युक्ती मी टीमला सांगितली नाही. सांगायची तर अरुणचं बरोबर होतं असं म्हणावं लागलं असतं. आठवडाअखेर सगळ्यांना जुनी होल्स्टर परत देऊ, काहीतरी निमित्त काढू, असं मनात ठरवलं. एवढ्याशा ताठ्यासाठी मी माणसाचा जीव टांगून ठेवला. आज लिहितानाही कान तापतात.

तो शुक्रवार होता. अरुण बेकरीच्या बाजूला उभा होता. रिकाम्या हाताने उभा राहिलेला माणूस नजरेत येतो म्हणून मीच त्याच्या डाव्या हातात रोट्यांची पिशवी दिली होती. मी वीस पावलांवर चहाच्या दुकानाबाहेर बसलो होतो. अकरा अडतीसला रेडिओवर त्याचा आवाज आला.

"टू फॉर वन. दोन जण. खाकी चादर. चादरीखाली लांब वस्तू. ओव्हर."

"वन फॉर टू. थांब. नजर ठेव. ओव्हर."

मी क्यूआरटीला कळवलं. गाडी निघाल्याचं उत्तर आलं. अकरा चाळीसला चादरवाल्याने चादर टाकली. अरुण त्याच्यापासून चार पावलांवर होता. मी अजून उठतच होतो. अरुणचा उजवा हात शर्टाखाली गेला. त्याने ओढलं. पिस्तुलाबरोबर होल्स्टर वर आलं, शर्टात अडकलं. त्याने दुसऱ्यांदा ओढलं. डाव्या हातात पिशवी होती. तेवढ्यात त्याला तीन गोळ्या लागल्या.

मी डाव्या हाताने होल्स्टर दाबलं, पिस्तूल काढलं आणि चादरवाल्याला पाडलं. दुसरा पळाला, त्याला क्यूआरटीने गाठलं. सगळं मिळून दीड मिनिट. गावातल्या एकाही माणसाला ओरखडा आला नाही. अरुण बेकरीच्या पायरीशी पडला होता. डोळे उघडे होते.  अकरा बावन्नला डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

त्या बारा मिनिटांत मी आणखी एक काम केलं. त्याचं पिस्तूल रिकामं करून ताब्यात घेणं माझं कामच होतं. ते करताना मी त्याचा पट्टा सोडला, होल्स्टर काढून घेतलं आणि माझ्या शर्टात घातलं. संध्याकाळी चारही होल्स्टर लंगरच्या चुलीत टाकली. उरलेल्या दोघांना सांगितलं, बोलायचं नाही. ते बोलले नाहीत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला विचारलं, नाईक कांबळे यांनी शस्त्र का चालवलं नाही? मी म्हणालो, "साहेब, त्यांना वेळ मिळाला नाही." पिस्तूल कशात होतं हे कुणी विचारलं नाही आणि मी मूग गिळून बसलो. माझं नाव नायब सुभेदारच्या यादीत होतं. कागदावर लिहिलं गेलं की शस्त्र बाहेर काढण्यापूर्वीच ते शहीद झाले. पुढच्या वर्षी माझ्या खांद्यावर स्टार आला. त्या स्टारकडे मी कधी नीट बघितलं नाही, पण नाकारलाही नाही.

अरुणचं पार्थिव घेऊन मीच त्याच्या गावी गेलो होतो. सलामी झाली, बुद्धवंदना झाली. सगळं उरकल्यावर त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, मला बाजूला घेतलं. पार्थिवाबरोबर आलेल्या पहिल्या कागदातही तेच वाक्य होतं, ते गावातल्या कुणीतरी वाचलं होतं. हॉटेलात बोलणं झालं होतं की पोराचा हात चालला नाही, गारठला. तात्यांनी मला विचारलं, "साहेब, भ्यालता काय वो त्यो?"

मी म्हणालो, नाही तात्या, वेळच मिळाला नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, मला ते दिसत होतं, तरी मी गाडीत बसलो.

त्यानंतर नऊ वर्षं मी सुट्टीवर आलो की पेढ्यांचा पुडा घेऊन त्या घरी जायचो. अरुणची बायको शोभा अंगणवाडीत काम करते, ती चहा द्यायची. तात्या फार बोलायचे नाहीत. कुणाचा मुलगा भरती झाला, कुणाला पदक मिळालं असा विषय निघाला की ते उठून अंगणात जायचे. मी हे नऊ वर्षं बघितलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला नुसतं खवखवत राहिलं, तोंड काही उघडलं नाही.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि कळंब्याला घर बांधलं. गेल्या महिन्यात ओळखीचे एक कारखानदार आले. त्यांना पिस्तुलाचं लायसन्स मिळालं होतं. त्यांना होल्स्टर पाहिजे होतं. शर्टाखाली दिसू नये, गाडीत बसताना टोचू नये, एकदम पातळ पाहिजे. मोबाइलवर दहा चित्रं दाखवली. मी म्हणालो, पातळ शेवटी बघा. आधी तोंड ताठ आहे का बघा, रिकामं झालं तरी मिटता कामा नये. ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे. पट्ट्याला असं बसलं पाहिजे की एका हाताने ओढल्यावर पिस्तूल यावं आणि होल्स्टर जागेवर राहावं. दुसरा हात मोकळा असेल असं धरून चालू नका. मऊ आहे म्हणून तर मुळीच घेऊ नका.

ते हसून म्हणाले, दुकानदारानेसुद्धा एवढं सांगितलं नाही, तुम्हाला हे कुठं शिकवलं?  ज्याच्या जिवावर मी हे शिकलो त्याच्या घरी सांगायचं सोडून मी एका परक्या माणसाला व्याख्यान देत होतो. त्यांना चहा न देताच वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरची एसटी पकडली. या वेळी हातात पुडा नव्हता.

तात्या अंगणात बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. लाकडी नमुन्यापासून चुलीपर्यंत सगळं, क्रमाने, वेळेसकट.  माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी हात गेलता म्हणायचा."

"गेलता, तात्या. माझ्या आधी गेलता. दोनदा ओढलं त्यानं."

त्यांनी शोभाला बाहेर बोलावलं आणि मला म्हणाले, परत सांगा. मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. ती दाराला धरून ऐकत होती.

"दरसाल प्याडं घिऊन येत हुतासा," ती म्हणाली. "तवा तोंड न्हवतं?"

 ती आत गेली. मला वाटलं तात्या शिव्या घालतील, हात उगारतील. मी तेवढ्यासाठी तयार होऊन आलो होतो, खरं तर तेच मला हवं होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. टोपी घातली, पायात वहाणा सरकवल्या.

"चला. जितं बोलल्यात तितं सांगा."

गावच्या हॉटेलात दुपारी साडेचारला दहा-बारा माणसं होती. जुनीच माणसं, नऊ वर्षांनी म्हातारी झालेली. तात्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला मध्ये उभं केलं. माझ्या टाचा आपोआप जुळल्या. मी रिपोर्ट देतात तसा दिला. नाईक अरुण कांबळे यांनी शत्रूला सगळ्यांच्या आधी ओळखलं. रेडिओवर त्यांनीच कळवलं, म्हणून तुकडी वेळेत निघाली आणि बाजारातली माणसं वाचली. अकरा चाळीसला त्यांनी पिस्तुलाला हात घातला. पिस्तूल निघालं नाही, कारण मी दिलेलं होल्स्टर खराब होतं. त्यांनी ते घालायला नको म्हटलं होतं, मी घालायला लावलं. मी कोर्टात खरं सांगितलं नाही. ते घाबरले नव्हते.

 कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने हातातली कपबशी खाली ठेवली. मला वाटलं, माझं झालं. मी तात्यांकडे वळलो. ते दाराशी ताठ उभे होते आणि त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

"एक ऱ्हायलं की," ते म्हणाले. "किती येळा वडलं त्ये सांगा."

मी परत लोकांकडे तोंड केलं आणि म्हणालो, "दोनदा."