सुमनबाईंची साक्ष

"आज कोणाला साक्ष द्यायची आहे का?" रविवारच्या उपासनेत पाळकांनी विचारलं आणि सुमनबाई उठल्या. पावसाळ्यात त्यांचा तरुण मुलगा आजारपणात गेला होता. त्याच्यासाठी आम्ही सगळ्यांनी याच बाकांवर बसून उपास-प्रार्थना केल्या होत्या.

आमच्याकडच्या साक्षी बहुधा ठरलेल्या असतात. ताप उतरला, नोकरी लागली, देवाची स्तुती असो. आता या काय बोलणार? मी शेजारीच बसले होते. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी घट्ट धरली होती.

"मी मागितलं, देवानं दिलं नाही," त्या म्हणाल्या. "मी रोज त्याच्याशी भांडते. पण भांडायलासुद्धा मला त्याच्याशिवाय कुणी नाही. एवढीच माझी साक्ष."

त्या बसल्या. पाळकांनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि तसंच मिटलं. साक्ष म्हणजे प्रार्थना ऐकली गेल्याची बातमी, असं मी आजवर धरून चालले होते. उत्तर न मिळताही विचारत राहणारं माणूस इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचा हात धरावासा वाटला, पण धीर होईना.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून सॅमसनदादा उठले. बायको गेल्यापासून ते चर्चमध्ये कुणाशीच बोलत नसत.

"बाई," ते म्हणाले, "मी तर भांडणंसुद्धा सोडून दिलं होतं."

आणि सगळ्यांदेखत रडत ते पुढे आले.