नाना सायकलवरून उतरायचे

सकाळी सहाला पांझरेच्या पुलापाशी जमायचं, हा आमच्या सायकल मंडळाचा नियम, आणि तो मीच घातलेला. त्या दिवशी सव्वासहा झाले तरी नाना आले नाहीत, तेव्हा मी नेहमीसारखा वैतागलो. उतरले असतील कुठंतरी, म्हणालो, नि बाकीचे हसले. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. नाना पहाटे झोपेतच गेले होते... आम्ही सायकली हातात धरून त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो; उभा जन्म शिट्टी नि घड्याळ यांत गेला. नाना शिरपूरकडच्या खेड्यांत टपाल वाटायचे. तीसेक वर्षं सायकल, आणि एक खोड. रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं की खाली उतरायचं, राम राम करायचा, चार पावलं चालायचं, मग पुन्हा टांग मारायची. पूर्वी गावाकडं सगळेच उतरत. माझ्या वडिलांसमोरून कोणी सायकलवर बसून गेलेलं मला आठवत नाही. पण ते दिवस गेले. नाना मात्र निवृत्त होऊन धुळ्याला आले तरी उतरतच राहिले. आता तुम्हीच म्हातारे झालात, उतरता कशाला, असं मी एकदा चिडवलं, तर शांतपणे म्हणाले, "तात्या, सायकलवर मानूस उंच दिखस. उंच बठीसन राम राम कशा करवा?"

व्हिएतनामात वाटाड्याबरोबर गटानं सायकल चालवायची सहल असते, हे मंडळात कोणीतरी वाचलं, तेव्हा पहिलं नाव नानांनी दिलं. सहा दिवस सायकल आणि शेवटी समुद्र. साठी उलटली तरी नानांनी समुद्र पाहिला नव्हता. स्वतःच्या पायांनी पॅडल मारत त्याच्यापर्यंत पोचायचं, एवढा एकच हट्ट होता त्यांचा. तिथं गेल्यावर तर चौकशांना ऊत आला. इतक्या पाण्यात भाताची मुळं कुजत कशी नाहीत? एका सायकलवर एवढ्या टोपल्या कोणत्या गाठीनं बांधल्या? केळीची झाडं पाहून तर जळगावच्या मामाकडं आल्यासारखे खूश. भाषेचं अडलंच नाही. हातवारे, हसू आणि अहिराणी, तिन्ही एकदम चालू. समोरची माणसंही त्यांना आपल्या भाषेत बिनदिक्कत उत्तरं देत.

घोटाळा एवढाच की तिथं दर दारात म्हातारं माणूस बसलेलं. नाना उतरत. कपाळाला हात लावून राम राम, चार पावलं, टांग. वीस घरांच्या गावाला अर्धा तास! लान नावाची आमची वाटाडी, विशी-पंचविशीची पोर, पंधरा जणांना थांबवून ठेवायची. मागं राहणाऱ्याला सामानाच्या गाडीत बसवायचं, हा तिच्याकडचा नियम; पण नानांना तिनं तो लावला नाही. उलट हे का उतरतात, असं कुतूहलानं मला विचारायची. सवय आहे, असं म्हणून मी टाळायचो. पाचव्या संध्याकाळी, नाना पलीकडंच सायकल पुसत असताना, मीच तिला गाठलं आणि माझ्या कामचलाऊ इंग्रजीत सांगितलं की उद्या ह्यांना गाडीत घ्या, नाहीतर वेळापत्रक बोंबलेल. वेळापत्रक हे निमित्त. परक्या लोकांसमोर मला नानांची लाज वाटत होती, हे आज कबूल करतो.

सहाव्या सकाळी लाननं गाडीचं दार उघडून धरलं. नानांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, सायकल स्टँडवर लावली आणि आत बसले. आम्ही ठरल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी समुद्रापाशी पोचलो. गाडीतून आलेले नाना तोवर पायजमा वर खोचून पाण्यात उभे होते. मी जवळ गेलो तर ओलं बोट जिभेला लावून म्हणाले, "खारट शे का, चाखी दखं. शे." बस्स, एवढंच.

धुळ्याला आल्यावर जो तो विचारी, शेवटचा दिवस गाडीत का? गुडघा धरला होता, असं नाना सांगत. मला सुटल्यासारखं व्हायचं. माझं इंग्रजी त्यांना कुठं कळणार, असं धरून मी तीन वर्षं बिनघोर राहिलो.

नानांना जाऊन महिना झाल्यावर माईंना, नानांच्या पत्नीला, भेटायला गेलो. बोलता बोलता म्हणालो, त्या गुडघ्यानं तेव्हा घात केला, नाहीतर...

"गुडघा?" माई म्हणाल्या. "त्यास्ना गुडघा कधीच दुखना नही, भाऊ. माले बठ्ठं सांगेल व्हतं त्यास्नी. म्हने, तात्यानं नाव काढू नको, त्याले वाईट वाटी."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

पुलाकडं जाताना नानांचं घर वाटेतच लागतं. ओट्यावर माई बसलेल्या असतात, मागं भिंतीला नानांची काळी सायकल टेकलेली. मी उतरतो. राम राम करतो. चार पावलं चालून टांग मारतो. पुढं चौकात एक आजोबा पेपर वाचत बसतात, देवळाच्या पायरीवर दोन म्हाताऱ्या मेथी निवडतात. मंडळी पुलापाशी घड्याळ बघत उभी असतात. काल मी अकरा मिनिटं उशिरा पोचलो.